दोन निवडणुकांच्या मधली माणसं

माझे यजमान रेल्वेत होते. लोणावळ्याच्या यार्डात त्यांची ड्यूटी. गाडीला घाट चढवून आणणारी मागची इंजिनं लोणावळ्याला सोडवायची, हे त्यांचं काम. मन मात्र लग्नाआधीपासून पक्षात. पण रेल्वेच्या माणसाला पक्षात जाता येत नसे. सभेच्या कडेला उभं राहिलेलं कुणी पाहिलं तरी वरून विचारणा व्हायची. एकदा जेवताना ते म्हणाले, "कामशेतला पक्षाची बैठक आहे. मला जाता येत नाही. तू जाऊन ये. काय बोलतात ते ऐक आणि मला सांग."

"मी काय करू तिथं?"

"ऐकायला काय लागतं? कान आहेत ना."

मी मराठी सातवी झालेली. वर्तमानपत्र वाचायचे, तेही यांनी वाचून टाकल्यावर. स्वराज्याला दहाएक वर्षं झाली असतील, दुसरी मोठी निवडणूक तोंडावर आली होती. मी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले आणि कामशेतला उतरले.

पक्षाचं तालुक्याचं ऑफिस म्हणजे स्टेशनाजवळच्या भातगिरणीचा माळा. खाली गिरणी चालायची आणि वर बैठक. लाकडी जिना, हाताला सगळीकडे कोंडा. गिरणी सुरू असली की माळ्याची जमीन पायाखाली थरथरे, बोलणाऱ्याला ओरडून बोलावं लागे. पण आंबेमोहोर भरडला जात असला म्हणजे असा वास वर येई की बैठकीत कितीही भांडण पेटलेलं असलं तरी माणसं मधेच नाकानं श्वास ओढून घेत.

त्या दिवशी माळा भरलेला होता. पुण्याहून जीप आली होती, पोस्टरांचे गठ्ठे आले होते, तरणी पोरं खळ ढवळत होती. बायकांमध्ये मी एकटी. कोपऱ्यात एक आडव्या हाडाचा, साठीकडे झुकलेला माणूस बसला होता. त्यानं मला बसायला पोतं झटकून दिलं. हे तालुक्याचे चिटणीस. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. चार खाचरांचं भात पिकवणारा शेतकरी माणूस. बैठकीत बोलायचे कमी, कधी कधी बसल्या जागी डोळाही लागायचा. पण रस्त्यावर उभे राहिले की त्यांची हाक नदीपलीकडे जायची.

ती निवडणूक आम्ही हरलो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जीप गेली. पोरं आपापल्या कामाला लागली. महिन्याभरानं मी यांच्या सांगण्यावरून पुन्हा कामशेतला गेले, तर माळ्यावर आबा एकटेच. उरलेल्या पोस्टरांच्या पाठकोऱ्या बाजूवर मिरच्या वाळत घातलेल्या.

मी विचारलं, "आबा, बाकीचे कुठं गेले?"

"मतं झाली की गं बाय. आता कोन येतंय? पाच सालानं येतील."

"मग तुम्ही का बसलाय?"

मिरच्या खालीवर करत ते म्हणाले, "कुनी आलंच, आन् दार बंद दिसलं, तर?"

या उत्तरानं मी पक्षात राहिले. यजमानांना बैठकीत काय झालं ते सांगायचं म्हणून गेलेली मी, नंतर आपली आपणच जाऊ लागले. बाजाराच्या दिवशी सकाळची गाडी पकडायची, दुपारपर्यंत आबांबरोबर माळ्यावर बसायचं, आणि महिन्यातून एखाद्या वेळी त्यांच्याबरोबर नाणे मावळाच्या अंगाला चालत निघायचं. त्या बाजूला डोंगराच्या पोटाशी ठाकर आदिवासींच्या वाड्या होत्या. निवडणुकीत जीप जिथपर्यंत पोचे तिथपर्यंत पक्ष, आणि त्याच्या पुढं या वाड्या.

पहिल्यांदा ज्या वाडीत गेलो तिथली एक बाई मला चांगली आठवते. पुढं तिचा माझा वीस वर्षांचा संबंध आला. तिला सगळी वाडी मावशी म्हणे. उंच, काळीसावळी, गळ्यात मण्यांच्या माळा. आम्ही अंगणात आलो तेव्हा ती वरई कांडत होती. मुसळ न थांबवता तिनं विचारलं, "मतं झाली न्हवं? मंग कशाला आलासा?"

आबा म्हणाले, "असंच. कसं काय चाललंय ते बघाया."

मुसळ थांबलं. तिनं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू असंच येणारी माणसं तिनं कधी पाहिलीच नव्हती. मग घरात जाऊन कोरा चहा घेऊन आली. बोलता बोलता ओढ्याची गोष्ट निघाली. वाडीच्या खाली एक ओढा होता. पावसाळ्यात तो असा उठायचा की वाडी जगापासून तुटायची. मीठ नाही, रॉकेल नाही. मागच्या पावसाळ्यात सुनेच्या पोटात दुखू लागलं म्हणून चार माणसांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. ओढ्याला पाणी. उतरेल म्हणून वाट पाहत बसले आणि सून तिथंच, दगडांवर, इरल्याखाली बाळंत झाली.

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मंग काय? ह्यो बघ की." तिनं दारात रांगणाऱ्या एका गुटगुटीत पोराकडे बोट दाखवलं. "वड्याकाठचा हाय म्हून गप बसत न्हाई. सारखा वरडतोय."

सगळे हसले. मग मावशी म्हणाली, "साकव पायजे. येवढा एक साकव द्या, मंग मतं काय, मुंडकी घ्या."

परतताना मी आबांना म्हणाले, "करून टाकू ना साकव. पुण्याला कळवू या."

आबा म्हणाले, "कळीव."

मी यजमानांकडून सुवाच्य अक्षरात पत्र लिहवून घेतलं आणि पुण्याला धाडलं. उत्तर आलं नाही. आणखी एक धाडलं. पक्षाचं एक छापील पत्रक आलं. त्यात परराष्ट्र धोरणाबद्दल लिहिलं होतं. आबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले, "चांगलं लिवलंय. पर वड्याचं न्हाई काय त्यात."

मग आम्ही आमच्या आम्ही वडगावच्या सरकारी कचेरीत जाऊ लागलो. आज साहेब दौऱ्यावर, उद्या फाइल पुण्याला. आबा कचेरीच्या ओट्यावर बसून राहायचे आणि साहेब बाहेर आला की त्यांच्या त्या नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणायचे, "रामराम साह्येब! साकवाचं काय झालं?" सगळ्या कचेरीला ऐकू जायचं. साहेब बिचारा चांगला माणूस होता, शेवटी हसायला लागला. त्यानं सांगितलं, सामान सरकार देईल, मजुरी तुम्ही श्रमदानानं करा. वाडीनं उन्हाळाभर दगड वाहिले. बाया डोक्यावरून वाळू आणत होत्या. मीही दोन दिवस पाट्या टाकल्या आणि आठवडाभर मान धरून बसले.

साकव झाला. उद्घाटनाला भलत्याच पक्षाचा मोठा माणूस आला आणि त्यानं फीत कापली. आमच्या पक्षाचं कुणी आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. आबा इतके संतापले की जेवले नाहीत. "आमी दोन साल हेलपाटं घालायचं, आन् कात्री त्यानं चालवायची?"

मावशी भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "आबा, कात्री त्याची असंल. पाय तर आमचं हायेत न्हवं त्याच्यावर? जेवा बगू."

आबा जेवले. पण माझ्या मनातून ते जाईना. मला वाटायचं, आमच्याकडे एक माणूस हवा. पूर्णवेळ. पक्ष ज्याला पोटापुरतं देईल असा, तरणा, पायानं चालणारा. आबा थकत चालले होते, मला घर होतं, मुलं झाली होती. एक माणूस असता तर सगळ्या वाड्यांत जाता आलं असतं. आबांचं मत वेगळं. त्यांना हवा होता भोंगा. बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर. दुसऱ्या पक्षांकडे भोंगा होता आणि आपल्याकडे नव्हता, हे त्यांना फार लागायचं.

"आबा, तुमच्या आवाजाला भोंगा कशाला?"

"आगं, आवाजानं न्हाई होत. भोंगा आसला की मानसाला वाटतं, ह्या पक्षाच्या मागं कुनीतरी हाय."

पुढच्या निवडणुकीच्या आधी बातमी आली की पक्षाचे मोठे पुढारी मेलनं पुण्याला चालले आहेत. दिल्लीत बसणारे, पण मूळचे आपल्याकडचे. लोणावळ्याला गाडी थांबणार. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सुटेपर्यंत तिला थांबावंच लागे. आम्ही ठरवलं, डब्यापाशी जाऊन मागणं मागायचं. यजमानांची नेमकी त्याच वेळी ड्यूटी होती. मी म्हटलं, "जरा सावकाश सोडा इंजिनं."

ते रागावले. "जितका वेळ लागतो तितकाच लागेल. रेल्वे काय आपल्या घरची आहे?"

प्लॅटफॉर्मवर आबा, मी आणि खाली उतरून आलेली मावशी. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. गाडी आली. पुढारी खिडकीशी बसले होते, चेहऱ्यावर प्रवासाची झोप. आम्हाला पाहून दारात आले. आबांनी हार घातला आणि घाईघाईनं म्हणाले, "सायेब, आमाला भोंगा पायजे."

मी मधेच म्हणाले, "नाही साहेब. आम्हाला एक माणूस हवाय. पूर्णवेळ."

पुढारी एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागले. मग हसले. "तुम्ही दोघं आधी भांडून घ्या."

मग ते खरोखरच खाली उतरले, बाकावर बसले आणि म्हणाले, "सांगा." मी सांगितलं. वाड्या किती लांब, पक्ष कसा निवडणुकीला येतो आणि जातो, साकव कुणी केला आणि फीत कुणी कापली. ते ऐकत होते. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही.  मग त्यांनी मावशीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "तुमी दिल्लीला काय करता?"

त्यांना हसू आवरेना. मग ते म्हणाले, "बाई, खरं सांगू? भाषणं करतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमची मागणी बरोबर आहे. मी ज्या स्टेशनवर उतरतो तिथं कोणीतरी हेच मागतं. मी दर ठिकाणी हो म्हणतो. आज तुम्हाला हो म्हणत नाही. प्रयत्न करतो, एवढंच म्हणतो."

शिट्टी झाली. ते चढले. गाडी नेहमीपेक्षा जास्त थांबली होती, हे मला नंतर स्टेशनातल्या हमालांनी सांगितलं. कपलिंग अडकलं होतं म्हणे. मी घरी विचारलं तेव्हा हे ताटाकडे बघत म्हणाले, "जुनं झालंय कपलिंग. कळवलंय वर."

मला त्या पुढाऱ्यांचा राग कधी आला नाही. त्या बाकावर बसून त्यांनी जे ऐकलं ते मनापासून ऐकलं, हे मी शपथेवर सांगेन. आणि ते विसरलेही नाहीत. निवडणुकीच्या पंधरवडाभर आधी पुण्याहून एक लांबट पेटी आली. आत भोंगा होता. बॅटरी नव्हती. ती मागाहून येणार होती, ती आलीच नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. ते नुसता कर्णा तोंडाला लावून वाड्यावाड्यांतून हाका घालत फिरले. पोरं मागं धावायची.

माणूसही आला, पण निवडणुकीपुरता, आणि तोही उमेदवार म्हणून. पुण्याचे वकील होते. तालुक्यातला कुणी का नाही, म्हणून आमच्याकडे कुरकुर झाली. मीही केली. पण वकील माणूस सरळ निघाले. जीप जिथं थांबली तिथं ते थांबले नाहीत. नव्या बुटांनी वाडीपर्यंत चालत आले आणि ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून बसले. टाचा सोलून निघाल्या होत्या. मावशीनं कसला तरी पाला वाटून लावला आणि म्हणाली, "असल्या पायांनी तुमी कसं निवडून यायचं?"

नाही आले निवडून. पण मतमोजणीनंतर ते मुद्दाम माळ्यावर आले. म्हणाले, "सगळ्या तालुक्यात मी पडलो. नाणे मावळाच्या त्या वाड्यांच्या पेट्या उघडल्या तेव्हा मात्र समोरचे लोक उठून बघायला आले. तिथं तुम्ही काय केलं होतं?"

आबा म्हणाले, "काय न्हाई. जाऊन येत होतो."

या बोलण्यानं मला धीर आला. आता तरी पक्षाला पटेल, असं वाटलं. मी यांना सांगितलं, मुलांना शेजारी ठेवलं आणि पुण्याला पक्षाच्या ऑफिसात गेले. भांडायलाच गेले होते. गाडीत घोरावाडीपासून मनात वाक्यं जुळवत होते.

ऑफिस एका जुन्या पेठेत, वरच्या मजल्यावर. मला वाटलं होतं टेबलं असतील, माणसं असतील, टेलिफोन असेल. टेलिफोन होता, पण बंद होता. एका टेबलापाशी जिल्ह्याचे चिटणीस बसले होते. पन्नाशीचे, खोकणारे गृहस्थ, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. दुपार कलली होती आणि ते डब्यातली गार पोळी खात होते. मी माझी वाक्यं सुरू केली. त्यांनी डबा बाजूला सारला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमची पत्रं मला मिळाली होती," ते म्हणाले. "सगळी. उत्तर काय लिहू, हे सुचलं नाही म्हणून लिहिलं नाही. सकाळी शिकवण्या करतो, मग इथं येतो. सगळ्या जिल्ह्याला मी आणि हा एक मुलगा, तोही आज आलेला नाही."

"पण वर कळवा ना," मी म्हटलं. "मुंबईला."

त्यांनी कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं केला. "बाई, तुम्हाला वाटतं पुण्यात काहीतरी आहे. मला वाटायचं मुंबईत आहे. मुंबईला गेलो तर ते दिल्लीकडे बोट दाखवत होते. मागच्या वर्षी अधिवेशनाला दिल्लीला गेलो. तिथले माझ्याच खांद्यावर हात ठेवून विचारायला लागले, तुमच्या जिल्ह्यातून पक्षाला काय मिळेल? म्हटलं, आता कोणाकडे बघायचं?"

ते हे बोलले आणि हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मी त्यांच्यासाठी माठातलं पाणी आणलं. भांडण तिथंच राहिलं. परतीच्या गाडीत मला वाईटही वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की वर भरलेलं कोठार आहे आणि कुणी तरी दाराला कुलूप लावून बसलंय. तसं नव्हतं. जे थोडंफार असे ते निवडणुकीच्या पंधरवड्यात जीपच्या पेट्रोलमध्ये जायचं. देशभर सभा गाजायच्या आणि त्या सभांच्या खाली, जिथं आबांसारखी माणसं दार उघडं ठेवून बसली होती, तिथं काहीच झिरपत नव्हतं. याला लबाडी म्हणता येणार नाही. सगळ्यांना घाई होती. मधली वर्षं कुणाच्या हिशोबातच नव्हती.

मी आबांना हे सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "म्हंजी मानूस येनार न्हाई."

"नाही."

"मंग हितलाच बगू या."

इथला म्हणजे कोण, हे आम्हाला दोघांनाही एकदमच सुचलं. वाडीत गेलो आणि मावशीला म्हटलं, ग्रामपंचायतीची निवडणूक आहे, आदिवासींची एक जागा राखीव आहे, तू उभी राहा. आणि आसपासच्या वाड्यांत पक्षाचं काम तूच कर. वाड्यांनी मिळून तुझ्या घरचं भात लावून द्यायचं, म्हणजे तुला हिंडायला सवड होईल.

मावशी म्हणाली, "मी पक्षाचं काम करनार न्हाई. मला त्यातलं कळत न्हाई. वाड्यांचं करीन."

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "त्येच की गं ते."

ती उभी राहिली आणि निवडून आली. पहिल्या सभेला गावातले जमीनदार मंडळी खुर्च्यांवर बसली होती. तिच्यासाठी खुर्ची होती, पण ती दाराबाहेर जोत्यावर जाऊन बसली. मी तिला नंतर रागावले. ती म्हणाली, "सवय न्हाई गं. खुर्चीत पाय लोंबत्यात, मला बोलाया सुचत न्हाई." काही सभा ती जोत्यावरूनच बोलली. मग सरपंचच वैतागून म्हणाले, "मावशी, आमच्या माना मोडल्या तुमच्याकडं बघून, आत या." तेव्हा ती आत गेली. वरच्या वाडीची विहीर, शाळेची खोली, शिधापत्रिका, एक एक गोष्ट तिनं मागून घेतली. काही मिळाल्या, काही नाही मिळाल्या.

त्या तीन-चार वर्षांत माळ्याचं रूप पालटलं. बाजाराच्या दिवशी जिन्यावर पाय ठेवायला जागा नसे. कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलाचा दाखला, कुणाला फॉरेस्टवाल्यानं अडवलेलं. करवंदांच्या पाट्या जिन्याखाली ओळीनं. गिरणीचा मालक कुरकुरायचा, पण त्याच्याही दुकानाला गिऱ्हाईक वाढलं होतं. यात पक्ष कुठं होता, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण दारावर झेंडा होता आणि लोक त्या झेंड्याला ओळखत होते.

आणि मग पक्ष फुटला.

कुठं तरी लांब, मोठ्या माणसांत बिनसलं. आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. दोन्हीकडचे लोक म्हणत होते, खरा पक्ष आमचा. आबा म्हणाले, जुनं सोडायचं नाही. मला वाटलं, नवीन मंडळी निदान काही तरी करू पाहताहेत. ते वकील नव्या बाजूला गेले होते, पुण्याचे खोकणारे चिटणीस जुन्या. माळ्यावर आबांचं आणि माझं असं भांडण झालं की खाली गिरणी बंद करून माणसं ऐकत उभी राहिली.

"तू काल आलीस आन् मला शिकवतीस?" आबा म्हणाले.

"काल नाही आबा. बारा वर्षं झाली."

मी जिना उतरून आले ती सहा-सात महिने पुन्हा चढले नाही.  घरी बाजाराच्या दिवशी सकाळी गाडीची वेळ झाली की हे म्हणायचे, "शटल आली बघ," आणि मी भांडी घासत राहायचे.

एकदा दारात मावशी उभी. लोणावळ्यापर्यंत गाडीनं एकटी आली होती, सोबत तो ओढ्याकाठचा नातू, आता चांगला उंच झालेला. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू येत न्हाईस. आबा येतोय, पर बसून ऱ्हातोय, कुनाशी बोलत न्हाई. लोक येत्यात आन् परत जात्यात. हे काय चाललंय तुमचं?"

मी समजावायला गेले, की पक्ष दोन झालेत, माझा वेगळा, त्यांचा वेगळा.

तिनं सगळं ऐकलं. "आमी काय करायचं मंग? अर्ध्या वाडीनं तुज्याकडं यायचं आन् अर्ध्या वाडीनं त्याच्याकडं? दोघंबी आमचंच हायसा. आमाला दोघंबी पायजे."

 त्या आठवड्यात मी माळ्यावर गेले. आबा त्यांच्या जागी होते. मला पाहून त्यांनी शेजारचं पोतं झटकलं. मी बसले. एक म्हातारी फॉरेस्टवाल्याची तक्रार सांगत होती, ती आम्ही दोघांनी ऐकली. दुपारी डबा उघडताना आबा म्हणाले, "झेंड्याचं काय करायचं? तुजा येगळा, माजा येगळा."

"दोन्ही काढू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "नगं. दोन्ही ऱ्हाऊ दे. आसू दे."

म्हणून कामशेतच्या त्या माळ्यावर काही वर्षं एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन पक्षांचे झेंडे एका दारावर होते. दोन्ही पक्षांकडून पुण्याहून कुणी तरी येऊन आम्हाला समज देऊन गेलं. निवडणूक आली की आबा त्यांच्या उमेदवाराचा प्रचार करायचे, मी माझ्या. वाड्यांनी कुणाला मत दिलं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. निवडणूक संपली की आम्ही दोघं पुन्हा तिथंच बसायचो.

आबा गेले ते भात कापणीच्या दिवसांत. शेवटचा महिना तळेगावच्या दवाखान्यात होते. मी बाजाराचा दिवस संपवून संध्याकाळच्या गाडीनं त्यांच्याकडे जायचे. ते आपल्या दुखण्याबद्दल बोलायचे नाहीत. विचारायचे, "आज कोन कोन आलतं?" मी सांगायचे. त्या विहिरीवरचा राहाट बसला का, त्या पोराला शाळेत घेतलं का. एखाद्या कामाचं मला उत्तर येत नसे, मग ते डोळे मिटूनच सांगायचे की अमक्या साहेबाला गाठ, तो मनानं बरा आहे.

आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्याचे चिटणीस कामशेतला आले. स्वतःच आजारी, काठीवर चालत. गाडीतून उतरल्यावर त्यांना धाप लागली होती, म्हणून मी त्यांना स्टेशनच्या बाकावर बसवलं. ते म्हणाले, "पक्षातर्फे हार आणायचा होता. घाईत राहून गेला." मी म्हटलं, असू दे, तुम्ही आलात. आम्ही दोघं आबांच्या घराकडे निघालो. वाटेत वाड्यांवरची माणसं उतरून येताना दिसत होती, बांधाबांधानं, इतकी की चिटणिसांनी काठी टेकून उभं राहून विचारलं, "हे सगळे आपले?"

मी म्हटलं, "हो. या, ओळख करून देते." आणि त्यांचा हात धरून बांधावर चढवलं.